मेल्याबद्दल अभिनंदन

पटलेभाऊंनी मला पहिल्यांदा मेलेला पाहिलं तेव्हा गोंदियाजवळच्या कुडव्यात राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी फाटकापाशी दात घासत उभा होतो. शेजारच्या घरातून लुंगी-बनियनमधले एक गृहस्थ आले, माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाले, "बधाई हो गुरुजी. काल रातच्याले तुमी मेले."

तोंडात फेस असताना माणसाला उत्तर देता येत नाही. तेवढ्यात त्यांनी सगळं सांगून घेतलं. मी विहिरीत पडलो होतो. फुगल्यामुळे मला वर काढताना लोकांचे हाल झाले. पायात एकच चप्पल राहिली होती. तर आता माझं आयुष्य वाढलं होतं, आणि ही बातमी मला चहाच्या आधी कळावी म्हणून ते धावत आले होते. "सपनाचं मीटर उलटं फिरते," एवढं समजावून ते गेले.

मीटर हा त्यांच्या अधिकाराचा विषय. वीज खात्यात मीटर वाचण्यात त्यांचा जन्म गेला. इकडे गोंदियातल्या गल्ल्या, तिकडे दरेकशाच्या डोंगरातली घरं. ओळखी अफाट. त्यामुळे निवृत्त झाल्यावर झोपेत मारायला माणसांची कमी नव्हती. कोणी मेलेला दिसला की त्याचं आयुष्य वाढलं, बातमी ताबडतोब पोचवायची. लग्नात नटलेला दिसला की वाईट. पण तेही सांगायचं, कारण सांगून टाकलं की त्यातला जोर कमी होतो.

चौकातला किराणावाला त्यांना एकदा घोडीवर बसलेला दिसला, मुंडावळ्या-बिंडावळ्या बांधून. पटलेभाऊ सकाळी तोंड पाडून त्याच्या दुकानात जाऊन बसले. "भैया, बोहनी का टाइम है," म्हणून तो बिचारा कळवळला, पण यांनी त्याला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून आणली. पट्टीत काही निघालं नाही. तो आजही यांना पाहिलं की आतल्या खोलीत जातो.

समोरच्या घरातले म्हातारे नव्वदीला टेकलेले. गुडघे गेले, डोळे गेले, बरोबरीची माणसं गेली. पटलेभाऊ त्यांना वर्षातून दोन-तीनदा तरी मारायचे. शेवटी म्हाताऱ्याने हात जोडले. "बाबू, आता मले नोको पाहू. लय वाढलं." पटलेभाऊ इतके खजील झाले की त्या घराकडे पाठ करून झोपायला लागले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. स्वप्न म्हणजे दिवसभराचा पसारा मेंदू रात्री आवरतो, बाकी काही नाही, हे मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आवरताना माझ्या मेंदूच्या हाती नेहमी तुमचंच प्रेत कसं लागतं? मला संताप यायचा त्यांचा. आणि खरं सांगायचं तर, ते मला मारून गेले की तो दिवस मला बरा जायचा.

मग सुमनवहिनी, म्हणजे पटलेभाऊंची बायको, आजारी पडल्या. दोन्ही किडन्या गेल्या. काही महिने मशीनवर काढले. पुढे शरीराला मशीनही सोसेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं, आणि जे मागतील ते खायला द्या म्हणाले. घरात ही दोनच माणसं. मूलबाळ नव्हतं.

पटलेभाऊ संध्याकाळपासूनच झोपायच्या तयारीला लागले. रात्री पोटभर वांगी खायची, छातीवर हात ठेवून निजायचं, कारण त्याने अभद्र स्वप्नं पडतात असं त्यांच्या आईने सांगितलेलं. दुपारीही आडवं होऊन पाहायचं. स्वप्नं पडत होती. अख्खा कुडवा मरत होता. वहिनी काही मरेनात.

"साऱ्या गावाले मारून राहिलो गुरुजी," ते म्हणाले, "अन् हिलेच मारता येऊन नाही राहिलं."

मी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली.

वहिनी त्यांच्या स्वप्नात यायच्या, रोज यायच्या. केशोरीला, माहेरच्या भाताच्या बांधीत, पदर खोचून धानाच्या रोपांचा रोवणा करत असायच्या, अगदी ठणठणीत आणि हसत. ज्या रात्री त्या हळद लावून पाटावर बसलेल्या दिसल्या, त्या सकाळी पटलेभाऊ माझ्याकडे आले ते खुर्चीवर टेकलेच नाहीत.

"तुमी पाहा ना तिले," ते म्हणाले. "माह्यं मन आडवं येते. तुमी तिचे कोणी लागत नाही. तुमाले दिसन."

शेजाऱ्याने स्वतःची बायको मेलेली पाहायची गळ आपल्याला घालावी, असा प्रसंग कोणावर येत असेल? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

दुपारी वहिनींना भेटायला गेलो. पटलेभाऊ औषधं आणायला बाहेर पडले होते. वहिनींचे पाय सुजून चकाकत होते, आवाज मात्र खणखणीत. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"सांगून टाका त्याईले, दिसली म्हणून," त्या म्हणाल्या. "हा माणूस छातीवर हात ठेवून निजते अन् रातभर कण्हते. मले पाहवत नाही."

खोटं कसं सांगू, असं मी पुटपुटलो.

"मी मरून राहिली, अन् तुमाले खोट्याची पडली काय जी."

दुसऱ्या सकाळी मी फाटकापाशी जाऊन सांगितलं, "पटलेभाऊ, वहिनी दिसल्या. गेलेल्या."

त्यांनी माझं मनगट धरलं. लुगडं कोणतं होतं, कोण कोण आलं होतं, खांदा कोणी दिला, सगळं विचारलं. तोंडी परीक्षेतल्या पोरासारखा मी ठोकत गेलो. जांभळं लुगडं. केशोरीची सगळी माणसं. पुढे दोघे भाऊ.

"अन् मी कुठं होतो?"

याचा मी विचारच केला नव्हता. गडबडून म्हणालो, तुम्ही काही दिसला नाहीत.

मला वाटलं, पकडला गेलो. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"म्हणजे मी पहिलेच गेलो असन," ते म्हणाले. "बेस झालं जी."

गावभरची स्वप्नं उलटी वाचणाऱ्या त्या माणसाने हे एवढं सरळ वाचलं. मग डोळे पुसून आत गेले. आमच्या मधली भिंत अर्ध्या विटेची, पलीकडचं सगळं ऐकू येतं. त्यांनी वहिनींना बधाई दिली, केशोरीची माणसं सांगितली, भाऊ सांगितले. लुगडं मी जांभळं म्हणालो होतो, त्यांनी ते हिरवं केलं. वहिनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या मधेमधे विचारत होत्या.

"अन् तुमी कुठं होते?"

"मी तिथंच होतो," पटलेभाऊ म्हणाले. "तुह्या उशाशी."