देवीला बोललेल्या कोंबड्याचा खून

आमचे दाजी रामप्रसाद जालन्यात पाइपाचं दुकान चालवतात, पण ओळख करून देताना स्वतःला गुन्हेगारांचा कर्दनकाळ म्हणतात. मोबाईलवर कसला तरी कोर्स केल्यापासून खोटं बोलणारा माणूस त्यांना दुरून ओळखू येतो. मी बबलू, त्यांचा मेहुणा. बिनपगारी असिस्टंट.

परवा दाजी सासुरवाडीला, म्हणजे आमच्या कुंभार पिंपळगावला आले. आईनं कोंबडा कापला, दाजींनी दोन्ही तंगड्या हाणल्या. हात धुतात न धुतात तोच शेजारच्या द्वारकाबाई बोंबलत आल्या. देवीला नवस म्हणून बोललेला त्यांचा कोंबडा सकाळपासून गायब होता.

"खून," दाजी ढेकर देत म्हणाले.

मी विचारलं, प्रेत कुठंय? दाजी म्हणाले, प्रेत सापडत न्हाई म्हणजे खुनी हुशार हाये.

द्वारकाबाईंचा संशय नव्या सुनेवर. कोंबडा शीतलला रोज टोचायचा, अन् याची मान मुरगाळते, असं ती कालच म्हणाल्ती. कबूल केलं तरच घरात राहा, न्हाईतर चारच्या बसनं आष्टीला माहेरी जा, असा सासूचा हुकूम होता.

दाजींनी ओट्यावर चौकशी मांडली. शीतल डोक्यावर पदर घेऊन खाली बघत उभी. परक्या गावच्या जावयापुढं नवी सून आणखी कशी उभी राहणार?

"ताई, वर बघून बोला," दाजी म्हणाले. "नाकाला हात लावणारा, नजर चोरणारा खोटा असतो."

पोरीनं पदर आणखी खाली ओढला. तिकडं आमच्या आईला दरदरून घाम फुटलेला, तोंडात पदराचा बोळा. मी दाजींना खूण केली. ते म्हणाले, सासूबाईंचं मन हळवं हाये. बापाला अचानक खोकल्याची उबळ आली, ती दाजींनी हवामानावर ढकलली.

शेवटी द्वारकाबाईंनी शीतलची पिशवी दारात आणून ठेवली. पोरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. ते बघून आईचा धीर सुटला.

"तिला नका बोलू. पहाटं अंधारात मी खुराड्यात हात घातला. यांचा कोंबडा रात्री आमच्यातच येऊन बसल्ता. उजाडल्यावर कळलं, तवर मान कापून झाल्ती. जावयाला शेजारचा कोंबडा वाढला, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

सगळ्यांनी दाजींच्या पोटाकडं बघितलं. पुरावा जवळच असणार हे मी ताडलं होतं, असं दाजी पुटपुटले. आईनं आमचा कोंबडा देऊ केला, पण द्वारकाबाईंनी मान हलवली.

"बोललेला बदलता येत न्हाई. मंगळवारी तयार राहा, जावईबापू. देवीपुढं आता तुमालाच न्यावं लागंल."

दाजींनी नाकाला हात लावला, घाम पुसला अन् नजर जमिनीत घातली.

पिशवी उचलून घरात जाता जाता शीतल थांबली.

"वर बघून बोला, भाऊजी."