डाव्या हाताचं गंध

वय झालं की मेंदू गंजतो, असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं! अहो, नागापूरच्या एमआयडीसीत मी अख्खी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे, हे मी झोपेतसुद्धा सांगायचो. असला मेंदू रिटायर झाला म्हणून लगेच गंजेल? गंजू दिला तर नावाचा भागवत नाही, असं मी घरात ठणकावून सांगितलं.

त्यातच आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका डॉक्टरांचं भाषण झालं. "रोज काहीतरी नवं करा, मेंदूला सवय नसलेलं काम द्या," असं ते म्हणाले. झालं! कोणी पेटी शिकायला लागलं, कोणी शब्दकोडी सोडवायला. मी ठरवलं, आपण डावा हात तयार करायचा. दात घासणं, दाढी, कुलूप, जेवण, सगळं डाव्यानं! क्लास नको, फी नको, आणि हात तर आपलाच.

सुरुवातीला शर्टाच्या गुंड्या लावता लावता निम्मी सकाळ जायची. दाढी करून बाहेर आलो की मांजराशी भांडून आल्यासारखा दिसायचो. आमची मंडळी, म्हणजे मनकर्णा, कपाळाला हात लावायची.

"आवो, देवानं उजवा हात काय शोभंला दिलाय?"

"मेंदूला व्यायाम देतोय!"

"मग मेंदूला द्या की! आमटीच्या वाटीला कशापायी देताय? रोज सांडतीय!"

पण मी हटलो नाही. दिवाळीपर्यंत माझा डावा हात असा तयार झाला, की कुठलंही काम दिसलं की उजव्याच्या आधी तोच पुढं धावायचा. मला केवढा अभिमान! आणि तिथंच घात झाला.

आमच्या धाकट्या राजेश्वरीचा साखरपुडा ठरला होता. मुलगा तिनंच पसंत केलेला, चांगला, हसतमुख. पोरगी इतकी खुश होती की तिच्याकडं बघून मलाच भरून यायचं. कार्यक्रम कर्जतला, मुलाकडच्यांच्या दारात. व्याही सूर्यभानराव देवमाणूस, पण त्यांच्या घरात शब्द चालतो तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, साळूबाईंचा. मानपानात जरा कमीजास्त झालं की त्या पानावरून उठतात, अशी त्यांची ख्याती! नगरपासून कर्जतपर्यंत मनकर्णा मला एकच बजावत होती, "तिथं नीट वागा."

मी नीटच वागलो! भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या वडिलांनी व्याह्यांना गंध लावावं." मी ताठ मानेनं उठलो. गंधाची वाटी उजव्या हातात धरली आणि डाव्या हातानं सूर्यभानरावांच्या कपाळावर असं सरळ, रेखीव गंध ओढलं की वा! पट्टी लावून मोजा हवं तर! आता कोणीतरी कौतुक करील म्हणून मी चौफेर बघितलं.

वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले.

"डाव्या हातानं?" साळूबाई उभ्या राहिल्या. "डाव्या हातानं गंध? माजा भाऊ काय उकिरड्यावर सापडलाय व्हय?"

"तसं नाही, आत्याबाई. हा मेंदूचा..."

"म्हंजी आमाला मेंदू न्हाई म्हनता?"

"नाही हो! डॉक्टर म्हणाले..."

"डाक्टर म्हनले पावन्यांचा अपमान करा? ऊठ सूर्यभान! ही सोयरीक न्हाई व्हायची!"

आणि तो देवमाणूस कपाळावरच्या गंधासकट उठला की हो! माझा मुलगा वाल्मिक दातओठ खात माझ्याकडं बघत होता. मी राजेश्वरीकडं बघितलं. हिरव्या शालूत पोर पांढरीफटक पडली होती. त्या क्षणी मला वाटलं, गंजला असता मेंदू तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात मनकर्णानं हंबरडा फोडला!

"पावनं, पाया पडते, राग धरू नका! ह्यांचा उजवा हात गेलाय वो! हातावरनं वारं गेलंय ह्यांच्या!"

मी चाट! माझा हात गेलाय आणि मलाच पत्ता नाही! मी उजव्या हाताकडं बघितलं. त्या हातात गंधाची वाटी होती. मी ती मुकाट्यानं सोडून दिली. वाटी खणकन खाली पडली.

"अगं बाई! वाटीबी धरवंना गं बिचाऱ्याला!" साळूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

सूर्यभानरावांनी मला कडकडून मिठी मारली. "पावनं, आसल्या दुखन्यात बी तुमी माजा मान राखला!" मग मला लोडाला टेकवून बसवलं. आल्या-गेल्यानं माझा हात उचलावा, सोडून द्यावा, आणि तो धपकन पडला की च्युक च्युक करावं! बुंदीसुद्धा सूर्यभानरावांनी स्वतःच्या हातानं भरवली. अहो, डाव्या हातानं मी झकास जेवतो! पण बोलायची सोय होती का?

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण साळूबाई लसूण-ओवा टाकून कडकडीत केलेलं तेल घेऊन आल्या. "म्या लई जनांचे हात-पाय सरळ केल्यात," असं म्हणून त्यांनी माझी बाही वर केली.

"आत्याबाई, तेल जरा गार..."

"मेल्या हाताला काय कळतंय?" म्हणाल्या, आणि ओतलं!

"आई गंऽऽ!" माझा मेलेला हात असा उसळला की सूर्यभानरावांचा फेटा थेट भटजींच्या मांडीवर!

"हलला! हात हलला!" सगळा मंडप ओरडला. वाजंत्री दुप्पट जोरात सुरू झाली. बायका साळूबाईंच्या पाया पडल्या. त्या गडबडीत अंगठ्या घालून झाल्या, राजेश्वरी हसली, आणि हाताला फोड आले होते तरी माझा जीव भांड्यात पडला.

पण न्याय कुठं आहे सांगा? सगळं श्रेय साळूबाईंना! आता त्यांच्या दारात रोगी येतात, आणि व्हिडिओ कॉल मला. "व्याहीबुवा, जरा हात वर करून दाखवा बरं!" मी दाखवतो. लग्न व्हायचंय पोरीचं!

वर त्यांनी मनकर्णाला पथ्य सांगितलंय, "ह्यांच्या डोस्क्याला ताप द्यायचा न्हाई. नवं कायबी करू द्यायचं न्हाई." मनकर्णाला तेच हवं होतं! माझं संघात जाणं बंद, शब्दकोडं दिसायच्या आत पेपर रद्दीत. डाव्या हातानं चमचा जरी उचलला तरी म्हणते, "लावू का कर्जतला फोन?" संध्याकाळ झाली की मला शेजारी बसवून मालिका दाखवते. काय त्या मालिका! ना बुड ना शेंडा! माझ्यासारख्या माणसाची ही काय दशा!

काल ऐन मालिकेच्या वेळेला लाइट गेली. मी अंधारात थोडा वेळ धुसफुसलो. मग चपला घातल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या रंगुबाईंकडं गेलो. त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे. म्हटलं, मालिकेतल्या धाकट्या सुनेला घरात घेतलं की नाही, तेवढं बघून यावं.