पोटावर नव्हे, कंबरेवर!

विमानात पानसेसाहेब शेजाऱ्याचं नाव नंतर विचारत. आधी त्याच्या पोटाकडे बघत. पट्टा तिथे दिसला की संपलं. "पोटावर नव्हे, कंबरेवर! हाडाला धरून! धक्का बसला तर आतडी कोण गोळा करणार?" नवखा माणूस विमान सुटण्याआधीच पांढरा पडे.

आम्ही कलकत्त्याला, गार्डन रीचच्या एकाच कचेरीत. मी नागपूरहून बदलून आलेला, ते तिथेच मुरलेले. बंगाली अस्खलित बोलत, फक्त त्यात मराठी फार असे.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही कामासाठी दमदम विमानतळावरून मुंबईला निघालो. हवाई सुंदरी पट्टा लावून दाखवू लागली. कुणाचं लक्ष नव्हतं. पुढचे एक गृहस्थ तर खुशाल संत्रं सोलत होते. पानसे उठलेच.

"दादा, कमलालेबू नंतर! मुलगी की बोलछे, शुनुन!"

"आपनि के, मोशाय?" तुम्ही कोण सांगणारे, म्हणून संत्रेवाले भडकले.

"पॅसेंजर!"

"सर," ती मुलगी म्हणाली, "पहले आप बैठिए. बेल्ट लगाइए."

सगळं विमान हसलं. पानसे बसले, पण पट्टा लावला तो कंबरेवरच.

पुढे चहा वाटताना विमान गचकन खाली गेलं. संत्रेवाल्यांचा चहा धोतरावर, आणि मुलगी खुर्चीला धरून लटपटतेय. पानसेंनी तिला आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेत बसवलं. "बैठो बेटी! ट्रे को मरने दो!" तिने पट्टा लावेपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.

हवा शांत झाल्यावर ती उठली, तर यांचं चालूच : "उतरते समय अपनी सीट पर कंधेवाले पट्टे भी बांधना. सिर्फ कमर का नहीं चलेगा."

"बांधूंगी, अंकल," ती हसून गेली.

"क्रूच्या खुर्चीला खांद्याचे पट्टे असतात, हे तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"माझी मुलगी हेच काम करते. मी म्हटलं होतं, लोकांना चहा देत फिरणारी मुलगी माझ्या घरात नको. ती घर सोडून गेली. मग एकदा मुद्दाम तिच्याच विमानाचं तिकीट काढलं."

"बोललात?"

"छे! पेपर तोंडासमोर धरून बसलो. ती पट्टा दाखवत होती, कुणी मान वर करत नव्हतं. मीसुद्धा नाही. ऐकलं मात्र सगळं, आणि विमान खाली यायच्या आधी ती खांद्याचे पट्टे बांधत होती, तेवढं पेपरच्या आडून पाहिलं. उतरताना ती दारात उभी होती. मी खाली मान घालून निघून आलो."

मुंबईला दारात ही मुलगी हात जोडून उभी होती. पानसे तिच्यासमोर थांबले. दोन्ही हात जोडून, कंबरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. मागे रांग खोळंबली, पण त्यांना काही लवकर सरळ होता येईना.