शिकारीच्या रायफलीची व्याख्या

ऑर्विल स्टेनरूडचं पत्र मला मार्चमध्ये आलं आणि ऑगस्ट उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. ‘लेलंड, तुमच्या त्या नव्या गटात माझी रायफल बसते का? हो की नाही, एवढंच लिही. डोळ्यांची डॉक्टरीण म्हणते, उजवा डोळा हा उन्हाळा काढेल, पुढचा नाही. दिसतंय तोवर एकदा हजार यार्डांवर मारून बघायचंय.’

एका शब्दाचं काम होतं. पण मी एकतीस वर्षं गावच्या ग्रंथालयात काढली आहेत आणि तिथे एका शब्दात उत्तर द्यायची सवय मोडते. शिवाय त्या गटाचे नियम लिहिणारा चिटणीस मीच होतो.

गट काढण्यामागचा हेतू उदात्त होता. आमच्या या मोंटानातल्या गावात घरटी एक शिकारीची रायफल आहे. तरी नेमबाजी क्लबाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेला पाच-सहा माणसंच यायची, तीही रेल्वेच्या रुळाएवढ्या जड रायफली घेऊन. तेव्हा क्लबाचे अध्यक्ष, दंतवैद्य गार्थ पेल्की यांनी सुचवलं, की साध्या शिकाऱ्याने आपली नेहमीची रायफल घेऊन यावं असा एक गट काढू. ठराव एकमताने झाला, नियमांसाठी पाच जणांची समितीही नेमली. मग कोणीतरी विचारलं, शिकारीची रायफल म्हणजे नेमकं काय?

इतका सुंदर प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

पहिलं कलम मी लिहिलं ते असं, की रायफल डोंगरात खांद्यावरून नेता यावी, म्हणून वजन दहा पौंडांच्या आत. त्यावर कोणाचं काय म्हणणं असणार? दोन महिन्यांत समितीतल्या पाचही जणांनी नऊ पौंड पंधरा औंसांच्या, म्हणजे मर्यादेला एकच औंस कमी, अशा रायफली घडवून घेतल्या. डॉक्टर पेल्कींच्या रायफलीवर तर झाडीत लपावी म्हणून पानांचं चित्र होतं. तिने खरं झाड अजून पाहिलेलं नव्हतं.

दुसरं कलम सुरक्षेचं. लाकडी दस्त्याला चीर किंवा डागडुजी चालणार नाही. तिसरं शिस्तीचं. दहा मिनिटांत दहा गोळ्या. शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते, ती तीन गोळ्यांत तापते आणि पुढच्या गोळ्या भरकटतात, असं निदर्शनास आलं. म्हणून जाड नळीला मुभा देणं न्यायाचं ठरलं. चौथं माझं आवडतं होतं: स्पर्धकाने स्वतःच्या लक्ष्याखेरीज अन्य कशावरही नेम धरू नये. पाचवं डॉक्टरांनी सुचवलं. शिकारीत रायफल आपटते, तिच्यावरची दुर्बीण हलते, मग गोळी कुठेही जाऊ शकते. सबब, गेल्या हंगामात ही रायफल शिकारीला नेलेली नाही, असं प्रतिज्ञापत्र जोडावं.

नियम चाऱ्याच्या दुकानात तीस दिवस लावून ठेवले. गावाने ते वाचले. एकही हरकत आली नाही.

जुलैमध्ये सरावाच्या दिवशी ऑर्विल बोलावल्याशिवाय आला. बरोबर बायको बर्नाडीन. रायफल तीच, चाळीस वर्षांची. तिच्यावर एकदा खेचर बसलं होतं, तेव्हापासून दस्त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दहा गोळ्या मारायच्या, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो म्हणाला, की एल्कासारखं मोठं हरीण पाडायला ज्याला चौथी गोळी लागते त्याने दुकानातून खिमा आणावा.

मी तेव्हा समोरच्या टेकडीखाली, लक्ष्यांच्या खंदकात होतो. तिथे बसून लक्ष्य खाली ओढायचं, भोक बघायचं आणि खूण लावून परत वर चढवायचं, ही पाळी प्रत्येकावर येते. डोक्यावरून तीन गोळ्या कडकडत गेल्या. मी लक्ष्य ओढलं. दोन भोकं काळ्या वर्तुळात, तिसरं वीतभर बाहेर. फोनवरून डॉक्टरांनी मला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हाही तीनच भरली.

मी वर आलो तेव्हा चौकशी सुरू झाली होती.

“नेम कुठे धरला होता?” डॉक्टर विचारत होते.

“टेकडीवर तो पांढरा दगड दिसतो ना, त्याच्या डाव्या कानावर.” मग ऑर्विलने समजावून सांगितलं, की हजार यार्डांत गोळी तीस फूट खाली येते आणि त्याच्या जुन्या दुर्बिणीला एवढ्या पल्ल्याचे आकडेच नाहीत, तेव्हा तीस फूट वर बघायचं आणि मारायचं.

“म्हणजे तुम्ही दगडाला मारत होता.”

“दगडाला लागलं का?”

“नाही.”

“मग मी करत काय होतो, डॉक्टर?”

“दगड चुकवत होता,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. “लेलंड, लिहून घ्या. गोळ्या तीन, तिन्ही चुकल्या.”

मी लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.

दर नोव्हेंबरात ऑर्विल मला पाव एल्क आणून देतो. बर्नाडीनने माझ्या वहीत डोकावून पाहिलं.

“का रे लेलंड, तुझ्या फ्रीजरमध्ये आहे ते कुठल्या दगडाचं मांस?”

“जाऊ दे गं, तो कामात आहे,” ऑर्विल म्हणाला. रायफल गुंडाळता गुंडाळता त्याने मला एवढंच विचारलं, पत्र पोचलं होतं ना? पोचलं, मी म्हणालो. बरं, तो म्हणाला. कापडाची टोकं त्याला पटकन सापडली नाहीत. बर्नाडीनने बांधून दिली.

त्यानंतर मी अकरा मसुदे केले. पहिल्यात चौदा संदर्भ होते. शेवटचा असा उतरला:

‘ऑर्विल, बसत नाही. ती कलमं मीच लिहिली. शुक्रवारी मैदान बंद असतं आणि किल्ली माझ्याकडे असते. सकाळी सात वाजता ये. लक्ष्य मी ओढतो.’

समितीतलं कोणी बघेल म्हणून गावात पत्र टाकायचा धीर झाला नाही. तीस मैल गाडी हाकून शेजारच्या गावी गेलो, पेटीसमोर बराच वेळ उभा राहिलो आणि काल एकदाचं ते आत टाकलं.

राहता राहिलं सतरावं कलम. विनापरवाना नेमबाजीची माहिती असूनही जो कोणी सात दिवसांत अध्यक्षांना कळवणार नाही, तोही तितकाच दोषी. ते सभासदांपुरतं ठेवायला हवं होतं, लिहिण्याच्या भरात राहून गेलं. आता हे तुम्हालाही माहीत झालं, तेव्हा तुमचे सात दिवस आजपासून धरतो.