इथंच शे, देवा

आमच्या धरणगावच्या चर्चमधे पाळकसाहेबांनी वाचताना काही विचारलं, की पुरुषांच्या बाजूनं खांबापासून जवाब येतो. ते याकोबनाना. देव बागेत आदामाला हाक मारतो, कुठं आहेस म्हणून, तेवढं वाचलं की नाना मोठ्यानं, "इथंच शे देवा! खांबापाशी!"

पोरी तोंडाला ओढणी लावून हसतात. मी नाही हसत. चाळीस वर्सं उन्हात कापूस वेचला, हसायची सवयच कमी.

नाना माझे शेजारी, मधे एकच भिंत. कापसाच्या जिनिंगमधे मशीनच्या आवाजात त्यांचा जन्म गेला, हळू बोलणं येतच नाही. भाकरीसाठी प्रार्थना चालली की, "भाकर शे देवा, दात नही शेत!" पाळक म्हणाले, प्रभू, आमच्यातला राग काढ, तर नाना, "मना कालच निंघना, रिक्षावालावर. माफ कर!" तासाची उपासना दीड तास चालते.

यंदा जळगावहून मोठे पाळक येणार होते. आमच्या चर्चचे पंच नानांच्या ओट्यावर आले. "नाना, त्या रविवारी तोंड बंद ठेवा. नाहीतर बाहेर बसा."

"अन् देवनी हाक मारी तं?"

"तो काय तुम्हाला एकट्यालाच हाक मारतो का?"

पंच गेल्यावर मी म्हटलं, "एक रविवार ऐका त्यांचं. मनातल्या मनात जवाब द्या."

"अक्का, मनमा तं मी मार्थालेबी जवाब देत व्हतू."

मार्था त्यांची बायको. चुलीपासून हाका मारायची, "अहो, ऐकलं का?" नाना ओट्यावर बिडी ओढत बसायचे. ऐकायचे सगळं, बोलायचे काही नाही. शेवटी भिंतीआडून मीच कंटाळून सांगायची, "आहेत गं, ओट्यावर आहेत."

एक दिवस तिनं तीनदा हाक मारली. नानांना वाटलं, साखर संपली असेल. बिडी संपवून आत गेले, तर ती चुलीपाशी आडवी. मी त्या दिवशी वेचणीला गेले होते. आले तेव्हा दारात माणसं जमलेली.

तिला पुरलं, त्याच्या पुढच्या रविवारपासून नाना चर्चमधे बोलायला लागले.

मोठे पाळक आले. नाना जाग्यावरच बसले, खांबाला पाठ लावून. अन् त्या पाळकांनी नेमकी तीच बाग काढली. देवाची हाक वाचली अन् पाणी प्यायला थांबले. नानांनी रुमाल तोंडावर दाबून धरला. खांदे हलत होते. पंच त्यांच्याकडंच पाहत होते. पोरीबी हसेनात.

माझे गुडघे दुखतात, पण उठले. बायकांच्या बाजूनं म्हटलं,

"आहेत देवा. खांबापाशी आहेत."