दगडोबाच्या गुहेची गळती

एका जंगलात एक गुहा होती आणि ती गळत होती. नीट मांडी घालून बसा बाळांनो, चुळबूळ नको. गोष्ट गळणाऱ्या गुहेची आहे, वाघाची नाही. ज्याला वाघाची हवी असेल त्यानं दुसऱ्या काकांकडे जावं.

तर त्या गुहेत दगडोबा नावाचं अस्वल राहायचं. सोबत त्याची बायको, मथुराबाई. गुहेच्या वर एक झरा होता, छताला एक चीर होती, आणि त्या चिरेतून बारा महिने टपटप पाणी पडायचं. तेही नेमकं चुलीशेजारी. मथुराबाईनं तिथं एक मडकं ठेवलं होतं.

सकाळी उठल्या उठल्या मथुराबाई म्हणायची, "अहो, गळतंय."

"बघतो," दगडोबा म्हणायचा.

दुपारी ती म्हणायची, "सकाळी बघतो म्हणाला होतात."

"म्हणालो ना बघतो म्हणून!"

"माझ्या माहेरी एक थेंब गळत नाही."

"गळायला तिथं छप्पर कुठाय? तुझे वडील झाडाखाली झोपतात."

मग वडिलांवरून गाडी लग्नातल्या मानपानावर जायची, मानपानावरून दगडोबाच्या आत्यावर, आणि आत्यावरून करवंदाच्या लोणच्यावर. दिवस कधी मावळायचा ते दोघांनाही कळायचं नाही.

पण दगडोबाच्या मनात एक खंत होती. इतकी वर्षं संसार केला, पण मथुराबाईनं त्याला कधी शाबासकी दिली नव्हती. मधाचं अख्खंच्या अख्खं पोळं घेऊन आला, तरी ती म्हणायची, "आधी पाय पुसून या." तिनं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडे बघून "वा!" म्हणावं असं त्याला फार वाटायचं. हसताय कशाला? लग्न करा, मग हसा.

आता गळती बुजवणं हे खरं तर कुंभारमाशीचं काम. त्या जंगलात चिखलाची सगळी कामं तीच करायची. दगडोबानं तिला किती निरोप धाडले! ती यायची, छताकडे बघून चुकचुकायची, "आधी कुणी केलं होतं हो हे काम?" असं विचारायची, आणि "उद्या सकाळी येते, अगदी नक्की" म्हणून जायची. उद्याची सकाळ जंगलात रोज व्हायची. माशी काही यायची नाही.

त्याच सुमारास जंगलात एक नवं खूळ आलं. राघू मास्तर नावाचा एक पोपट सागाच्या फांदीवर बसून रोज धडे द्यायला लागला. 'बीळ वाढवा, घरच्या घरी!' 'टाकाऊ पिसांची टिकाऊ गादी, घरच्या घरी!' स्वतः मास्तर सुतारपक्ष्यानं कोरलेल्या ढोलीत फुकट राहायचा. पण बोलायचा असा, की ऐकणाऱ्याचे पंजे शिवशिवायचे. शेवटी म्हणायचा, "आवडलं असेल तर फांदी हलवा, आणि शेजाऱ्यांनाही हलवायला सांगा." झालं! सगळं जंगल फांद्या हलवायचं. एका सशानं मास्तरचं ऐकून आपल्या बिळाला मागचं दार काढलं. ते थेट कोल्ह्याच्या बैठकीच्या खोलीत निघालं. ससा पुन्हा कुणाला दिसला नाही. पण जाण्याआधी त्यानं फांदी मात्र हलवली होती हो.

एक दिवस मास्तरनं विषय घेतला, 'गळती बंद, घरच्या घरी'. दगडोबा धावतच घरी आला.

"मथुरे, ती माशी गेली उडत. गळती मी स्वतः काढणार."

"तुम्ही?" मथुराबाई म्हणाली. त्या एवढ्याशा शब्दात तिनं बरंच काही कोंबलं होतं.

पण दगडोबा इरेला पेटला होता. त्यानं चिरेत चिखल थापला. चिखल मथुराबाईच्या आमटीत पडला.

तेवढ्यात शेजारचा सखाहरी साळिंदर आला. सखाहरी स्वतः कधी काडी इकडची तिकडे करत नसे, पण दुसऱ्याच्या कामावर उभं राहून सांगावं तर त्यानंच.

"चिखलानं काय होतंय दगडोबा? मेण भरा, मेण! आणि डावीकडून दाबा. अहो, तुमची डावी नव्हे, माझी डावी!"

मेण म्हणजे मधाचं पोळं. दुसरं कोणी असतं तर त्यानं आधी मध पिळून घेतला असता. पण अस्वलांच्या घराण्यात पोळं पिळत नाहीत. तो पोळ्याचा अपमान समजतात. दगडोबानं मधासकट पोळं चिरेत कोंबलं. मध ओघळला. ओघळला म्हणून त्यानं चाटला. मग चाटलेल्या जागी नवं पोळं कोंबलं, आणि नीट बसलंय का ते बघायला पुन्हा चाटलं. संध्याकाळी चिरेत मेण उरलं नाही आणि दगडोबाला भूक उरली नाही. चाटून चाटून चीर मात्र रुंद झाली. टपटप होती तिथं धार लागली. पाठोपाठ मुंग्यांची वरात आली.

"आधी निदान मडक्यात मावत होतं," मथुराबाई म्हणाली.

हा घाव दगडोबाच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी त्यानं धावड्याचा डिंक गोळा केला, त्यात चुलीतली राख आणि सावरीचा कापूस मळला. चाटायचा मोह नको म्हणून स्वतःच्या तोंडाला वेलीचं मुसकं बांधलं. तो गोळा चिरेत ठासला, वर दगडाची पाचर ठोकली, आणि वाळेपर्यंत पाठीनं दाबून उभा राहिला. सखाहरी बरंच काही सांगत होता. मुसक्यामुळे दगडोबाला त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून काम झटपट झालं.

टपटप थांबली.

मथुराबाईनं वर बघितलं. पाचरेवरून पंजा फिरवला. मडकं उचलून बाजूला ठेवलं. आणि म्हणाली, "वा!"

दगडोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तोंड फिरवून नाक शिंकरलं.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळ झाली.

"अहो..." मथुराबाई म्हणाली.

"काय गं?"

ती छताकडे बघत राहिली. "काही नाही."

दुपारीही काही नाही. आत्याचा विषय काढायचा, पण काढायचा कुठून? एकदम आत्यावर कसं जाणार? मध्ये वडील लागतात, आणि वडिलांच्या आधी गळती लागते. दोघं चुलीच्या दोन बाजूंना बसून राहिली. गुहा कशी लख्ख कोरडी होती. दगडोबाला बायकोची आठवण यायला लागली, आणि बायको तर समोरच बसली होती.

"आमटीत मीठ कमी आहे," तो मुद्दाम म्हणाला.

"असेल," मथुराबाई म्हणाली.

असेल! मिठावरून अख्खा पावसाळा भांडलेली बाई म्हणते, असेल!

सखाहरी म्हणाला, "जपा हो. भांडायची थांबली की बाई गाठोडं बांधायला घेते."

दगडोबाला घास जाईना. त्या कोरड्या, सुंदर, दुरुस्त केलेल्या गुहेत आपण एकटेच उरलोय, असं त्याला दिसायला लागलं. शाबासकी मिळाली होती. तिचं काय लोणचं घालायचं होतं?

शेवटी एका दुपारी, मथुराबाई जरा पडलेली बघून, तो गुपचूप गुहेच्या छतावर चढला. झऱ्यात पालथा पडला आणि नखांनी आपलाच डिंक खरवडायला लागला. काम अस्सल झालं होतं. हलता हलेना. स्वतःच्या कारागिरीला शिव्या देत त्यानं जोर लावला.

आणि गंमत बघा, गोळा आपसूक वर सरकला. दगडोबा चपापला. त्यानं ओढायचं थांबवलं, तरी गोळा हलतच होता. बाजूच्या फटीतून एक नख वर आलं.

"कोण आहे खाली?" दगडोबानं विचारलं.

नख चटकन आत गेलं. मग खालून आवाज आला, "मी आहे."

"काय करतेस?"

"पाचर नीट बसलीय का बघतेय. तुम्ही काय करताय वर?"

"मी पण तेच."

झरा तेवढा वाहत होता. मग मथुराबाई हळूच म्हणाली, "असं करा. तुम्ही ओढा, मी ढकलते."

तात्पर्य: घरातलं एक तरी काम कायम अर्धवट ठेवावं. चुकून ते पूर्ण झालंच, तर नवरा-बायकोनं एकदिलानं ते मोडून टाकावं. यालाच मोठी माणसं सुखाचा संसार म्हणतात.