किंचित तुरट

"घेऊ नकोस," थोरल्या जाऊबाईंनी फोनवर बजावलं होतं. "फुकट दिलेली वस्तू परत येत नाही, माणूस परत येतो. 'कशी वाटली?' म्हणत."

"अहो ताई, एवढीशी तर बाटली आहे. खोकल्याच्या औषधाएवढी," असं म्हणून तिने हसण्यावारी नेलं होतं आणि खांद्यावरच्या सहा महिन्यांच्या बाळाला थोपटत विषय बदलला होता. जाऊबाईंना जिथे तिथे खोट दिसते, असं तिचं ठाम मत होतं. तिला स्वतःला खोट दिसत नसे, धोका दिसे. टेबलाचा कोपरा, उघडी खिडकी, जमिनीवर पडलेलं बटण. बाटलीचा धोका तर तिने घरात आणल्याबरोबर मिटवला होता. कपाटावर, सुटकेसच्या मागे, भिंतीला टेकवून.

बाटली दिली होती तळमजल्यावरच्या पंपवाल्या काकांनी. चाळीस वर्षं लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त केल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, गॅरेजात एक लाकडी पिंप आणून बसवलं आणि द्राक्षांची वाइन करायला घेतली. वर्षभराने ती तयार झाली आणि इमारतीतल्या चौदाही घरांत एकेक बाटली पोचली. बुचावर लाल लाख, गळ्यात दोऱ्याने बांधलेलं कार्ड. कार्डावर काकांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं : 'स्पष्ट मत लिहावे व जिन्याखालच्या खोक्यात टाकावे.'

आता पंचाईत अशी, की बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे तिला वाइन वर्ज्य. नवऱ्याला तर नुसत्या वासानेही जळजळत असे. पण दारात उभा राहून दोन्ही हातांनी बाटली पुढे करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं?

"'छान आहे' लिही आणि मोकळी हो," नवरा म्हणाला.

"नुसतं छान? त्यांनी स्पष्ट मत मागितलंय. नुसतं छान लिहिलं तर चाखलीच नाही असं वाटेल."

"मग थोडं नाव ठेव."

"फुकटच्या वस्तूला?"

"किंचित ठेव."

तिने कॉलेजातल्या निबंधासारखं आधी कच्चं लिहून काढलं. आंबट म्हणावं तर नासली असा अर्थ निघतो, कडू म्हणावं तर अपमान होतो. शेवटी कार्डावर उतरवलं : 'रंग सुरेख. वास प्रसन्न. चव किंचित तुरट, पण ती शोभते.' चार वेळा वाचलं. 'शोभते' वर ती स्वतःच खूश झाली. कार्ड खोक्यात टाकलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

खोक्याला झाकण नव्हतं. सगळा घोळ तिथे झाला. तिचं कार्ड सर्वांत पहिलं, तेही उताणं पडलेलं. येणाराजाणारा प्रत्येक जण वाकून वाचू लागला. इमारतीतल्या कुणाला कसल्या गोळ्या चालू होत्या, कुणी पीतच नव्हतं, कुणाला अनोळखी बूच उघडायची भीती वाटत होती. पण कार्ड तर सगळ्यांनाच भरायचं होतं.

तिसऱ्या दिवशी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाई भेटल्या. "बरं झालं बाई तुम्ही आधी लिहिलंत," त्या खासगी आवाजात म्हणाल्या. "आम्हाला आयतं मिळालं. आमची बाटली ना, बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावून ठेवलीये. एकदम उपयोगी!"

बाळाला कडेवर घेऊन ती जिन्याखाली गेली आणि खोक्यात डोकावली. 'तुरट आहे.' 'बरीच तुरट.' गाण्याच्या मास्तरांचं : 'घसा धरतो.' दातांच्या डॉक्टरांचं, सहीशिक्क्यासकट : 'अतिशय तुरट. हिरड्या आकसतात.' तिचा तो मोजूनमापून ठेवलेला 'किंचित' मजल्यामजल्याने जिने चढत पार गच्चीवर पोचला होता.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. हातात कार्डांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल.

"पोरी, तुझं कार्ड सगळ्यांत सविस्तर. म्हणून आलो. तुरट नेमकं कुठे लागतं गं? जिभेच्या टोकाला की मागे?"

आता सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. तोंड उघडलंही. पण काका इतक्या विश्वासाने बघत होते, की तोंडातून भलतंच निघालं. "मधे."

"मधे," काकांनी लिहून घेतलं. "बघ, मी काही वाईट वाटून घेणाऱ्यातला नाही. दुकानात गिऱ्हाईक सांगायचं, पंप आवाज करतो. मला ऐकू येवो न येवो, मी पंप खोलायचो. तक्रार कधी खोटी नसते. आणि इथे तर चौदाच्या चौदा!"

"काका, पण तुम्ही स्वतः चाखलीत ना?"

"चाखली की. मला काही तुरट लागली नाही. पण बनवणाऱ्याची जीभ बनवणाऱ्याच्याच बाजूची." गठ्ठा छातीशी धरून ते सावकाश जिना उतरले. उतरताना कठड्याला धरत होते. याआधी तिने त्यांना कठडा धरताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचे कपडे वाळत घालताना तिला खाली काकू दिसल्या. गॅरेजबाहेर नुसत्याच उभ्या होत्या.

"काय झालं हो काकू?"

"पिंप रिकामं करतायत," काकू वर बघून म्हणाल्या. "म्हणे, चौदा माणसं खोटं बोलत नाहीत. अगं, दुकान बंद केल्यावर हा माणूस दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवायला हाक मारली तर 'तू जेव' म्हणायचा. या पिंपाने उठवला त्याला. आज ते गटारात गेलं, की उद्या परत भिंत."

आतून पंप सुरू झाल्याची घरघर आली. पिंप उपसायला काका बादली थोडीच घेणार होते? अर्ध्या तासात विहीर कोरडी करणारा माणूस तो.

बाळाला उचलून, एका पायात तिची आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची चप्पल घालून ती धावत सुटली. प्रत्येक वळणावर बाळाचं डोकं हाताने झाकत तीन मजले उतरली. गॅरेजात पिंपाशेजारी पंप थरथरत होता, त्यातून निघालेला मऊ पाइप थेट गटाराच्या जाळीपर्यंत गेला होता आणि लालभडक वाइन खळाळत खाली चालली होती. काका पाठ करून उभे होते. बटण त्यांच्या पलीकडे. तिला दुसरं काही सुचलं नाही, ती पाइपवर उभी राहिली.

खळखळ थांबली. काका वळले.

"पोरी, पाय काढ. पाइप दबलाय."

"नाही काढणार! काका, मी चाखलेलीच नाही!"

"काय?"

"तुमची वाइन! मी बाळाला पाजते, मला चालत नाही. बाटली तशीच आहे, लाखेसकट. मी मनाने लिहिलं."

"मनाने? मग तुरट कुठून आलं?"

"मला तो शब्द... बरा वाटला."

काका बघतच राहिले. "बाकीच्या तेरा जणांचं काय?"

"त्यांनी माझं बघून लिहिलं."

"आणि डॉक्टरांच्या हिरड्या?"

"त्याही माझ्यावरूनच."

"तू 'मधे' म्हणालीस ते?"

"तेही मनाचंच," ती रडवेली होऊन म्हणाली. "वाट्टेल ते बोला मला, पण बटण बंद करा!"

बटण बंद करण्याइतकं काकांना भान कुठलं? इकडे पाइप तिच्या पायाखालून पंपापर्यंत अजगरासारखा फुगत चालला होता. चाळीस वर्षं पंपांत घालवलेल्या माणसाने त्या दिवशी, मन थाऱ्यावर नसल्यामुळे, पंपाच्या तोंडाशी पाइप आवळून धरणारा क्लॅम्पच लावला नव्हता. फटाक्कन तोंड निसटलं. तिने गर्रकन पाठ फिरवून बाळ पोटाशी धरलं. बाळावर थेंब पडला नाही. बाकी सगळं तिच्यावर आणि तिच्यामागोमाग आत आलेल्या काकूंवर पडलं.

काकूंनीच पुढे होऊन बटण दाबलं. घरघर थांबली. तिच्या केसांतून, कानांवरून, नाकाच्या शेंड्यावरून वाइन टपकत होती.

काका दोन पावलं पुढे आले. हळूच विचारलं, "लागली का जिभेला?"

"दोन थेंब."

"मग सांग. यावेळी खरं."

तिने डोळे मिटले. आजवर कुणी इतक्या जिवावर येऊन खरं बोललं नसेल. "तुरट अजिबात नाही, काका. गोड आहे. फार गोड. पाक चाटल्यासारखी."

काकांचा चेहरा बघण्याची तिला हिंमत होईना. पण कानावर आलं ते हसणं. "पाक! वा! याला म्हणतात मत! साखर जास्त झाली म्हणजे उपाय आहे की. पुढच्या पिंपाला कमी घालू." आणि आजच पुढच्या पिंपाचं बोलणं निघालेलं ऐकून काकूंनी हळूच पदराने डोळे टिपले. मग त्याच पदराचा वाइनने भिजलेला कोपरा जिभेला लावला.

"गोड कुठली?" त्या म्हणाल्या. "तुरटच आहे. पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"तू घरची. घरच्यांचं मत धरत नाहीत."

"चाळीस वर्षं धरलं नाहीत. आज धरा. आणा दोन ग्लास, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

पिंपात अजून निम्म्याहून जास्त वाइन होती. काकांनी दोन खुर्च्या मांडल्या. ती घरी आली, आंघोळ केली, आणि जिभेवर दोन थेंब गेले म्हणून बाळाच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"दोन थेंबांनी काही होत नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "कशी होती पण?"

आता साडेचार वाजून गेलेत. इतका वेळ खालून 'गोड!' 'तुरट!' 'परत चाखा!' असं आलटून पालटून ऐकू येत होतं. मग काकूंचं खिदळणं आलं. मग काकांचं गाणं, एकच ओळ, सात वेळा. आणि गेली दहा मिनिटं काहीच नाही. तिने खिडकीतून दोनदा मान लांब करून पाहिलं. गॅरेजच्या दारातून फक्त काकांची एक चप्पल दिसते, पालथी. खाली जावं तर बाळ आत्ताच कुठे मांडीवर झोपलंय, आणि नवऱ्याला यायला अजून तासभर आहे. तर तुम्ही त्या बाजूने जाणार असलात, तर जरा आत डोकावाल का? दोघं नीट बसलेत ना, श्वास बरा चाललाय ना, एवढंच बघा. आणि मग गॅरेजबाहेर येऊन तिला हाताने खूण करा. हाक नको, बाळ उठेल.